उवेचा मालक कोण?

"ज्याच्या केसांत ऊ सापडेल, त्याचे केस चकोट! मग तो कुणीही असो!" राजेसाहेबांनी फर्मान काढलं, आणि न्हावी वस्तरा घेऊन शाळेच्या ओट्यावर येऊन बसला.

सरकारांना स्वच्छतेचं भारीच वेड! शहरातून खास नर्सबाई आणवल्या होत्या. कडक इस्त्रीचं पांढरं पातळ आणि हातात एक फणी. त्या एकाच फणीनं अख्खी शाळा विंचरून निघायची, आणि याला म्हणे स्वच्छता!

कोष्ट्याची अनशी रांगेत मागे उभी होती. तिच्या केसांतून फणी फिरली आणि नर्सबाई ओरडल्या, "सापडली!"

चार दिवसांवर अनशीच्या बहिणीचं लग्न, आणि करवली चकोट? ती तडक राजेसाहेबांपुढे गेली. ते तपासणी बघायला जातीनं आले होते.

"सरकार, ती ऊ माझी नाही! सकाळीच आईनं माझं डोकं बघितलंय."

"तुझ्या डोक्यात सापडली आणि तुझी नाही?" राजेसाहेबांनी मिशीला पीळ भरला. त्या झुपकेदार मिशा म्हणजे सरकारांचा जीव की प्राण! "मग मालक दाखव तिचा! आत्ताच्या आत्ता! नाहीतर बस न्हाव्यापुढे."

आता उवेच्या कपाळावर काय नाव लिहिलेलं असतं? मास्तर मंडळी फिदीफिदी हसली.

अनशी रांगेत डोकं खाजवणाऱ्या पोरांकडे बघत म्हणाली, "दाखवते, सरकार. पण नर्सबाईंनी आधी राहिलेली पोरं तपासावीत, आणि लगेच तुमच्या मिशा."

"आमच्या मिशा?"

"फर्मानात 'कुणीही असो' आहे ना?"

"आहेच मुळी! आमच्या मिशांत ऊ? खुळी का काय! तपासा खुशाल!"

नर्सबाईंनी उरलेली डोकी विंचरली, आणखी दोनदा "सापडली!" म्हणून ओरडल्या आणि तीच फणी सरकारांच्या मिशीतून फिरवली. फणीकडे बघताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सा... सापडली, सरकार!"

पोरांनी तोंडावर हात दाबले. न्हावी बिचारा हुकमाचा ताबेदार. तो वस्तरा घेऊन उठला.

राजेसाहेबांनी दोन्ही हातांनी मिशा झाकल्या. "अरे थांब! ही ऊ आमची नाही!"

"मग मी तरी दुसरं काय म्हणत होते, सरकार?" अनशी म्हणाली. "ना तुमची, ना माझी. ती या फणीची!"

राजेसाहेबांनी फणीकडे बघितलं, मग नर्सबाईंकडे, आणि पोट धरून हसत सुटले.

"फर्मान रद्द! फणी उकळत्या पाण्यात टाका! पोरांना ज्याची त्याची फणी द्या, आणि करवलीबाईंना जरीचं परकर-पोलकं!" मिशांवरचे हात मात्र तसेच होते. "आणि त्या न्हाव्याला आधी घरी पाठवा!"