बर्नबा घंटावाल्याची दारू

“मग त्या चोवीस जणांचं काय, मास्तर? परत पाठवू का त्यांना गुत्त्यावर?”

शांतवननं हे असं विचारलं, जणू चोवीसच्या चोवीस बाहेर रांग लावून उभे आहेत.

याकोबमास्तर लसूण सोलत होते. सोलत राहिले.

शांतवन म्हणजे मास्तरांनीच शास्त्र शिकवून वर आणलेला पोरगा. आता मोठा प्रचारक. मांडवामांडवातून साक्ष देतो. “माझा बाप अट्टल दारुडा. घरची भांडी विकून प्यायचा. बाराव्या वर्षी मीही पेला धरला. मग मला प्रभू भेटला.”

बाया डोळ्याला पदर लावतात. चोवीस जणांनी म्हणे तिथल्या तिथे दारू सोडली.

उद्या त्याची सभा आमच्याच वस्तीत. आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीची जुनी रीत आहे. साक्ष संपली की वस्तीतला एक वडीलधारा उठून “होय” म्हणतो. त्याशिवाय आम्ही ती साक्ष धरत नाही.

या खेपेला ‘होय’ म्हणायला कमिटीनं मास्तरांचं नाव ठरवलं होतं.

“तुम्हाला पुढच्या खुर्चीवर बसायचंय,” शांतवन म्हणाला.

“बसेन की. उठायचा नाही.”

“कमिटीनं ठरवलंय, मास्तर.”

“कमिटीला म्हणावं, गुडघे माझे आहेत.”

“चारचौघांत माझी मान खाली जाईल.”

“जाऊ दे. सलोमीची गेलीच आहे.”

सलोमी ही त्याची आई. महिना झाला, देवळात पाऊल नाही. हापशीवर बाया तिला म्हणतात, “काय सोसलंस गं बाई.” ती बिचारी हंडा अर्धाच भरून निघते.

तिचा नवरा बर्नबा देवळाची घंटा वाजवायचा. जन्मात थेंब घेतला नाही त्यानं. हे मी सांगतो, कारण मी घ्यायचो. चाळीस वर्षं. गटारातून मला खांद्यावर टाकून घरी आणायचा तो हाच बर्नबा. तो गेला, उचलणारा कुणी उरला नाही, म्हणून मी सोडली.

मला मात्र साक्षीला कुणी बोलवत नाही.

“थोमा,” मास्तर मला म्हणाले, “तू जाणकार माणूस. घे याची परीक्षा.”

मी सरसावून बसलो. “काय रे शांतवन, पहिल्या धारेची कशी लागते?”

“... कडू?”

“आणि घशाखाली जाताना?”

“गार.”

मी इतका हसलो की कवळी हातानं धरावी लागली.

“हसा,” तो उसळला. “पण माझं मन मला खात नाही. खोटं बोललो असेन, तर प्रभूसाठी बोललो.”

“प्रभूला खरं कमी पडलं होतं का?” मास्तरांनी विचारलं.

मास्तरांनी हातातला लसूण ताटलीत टाकला. उठले. दार सताड उघडलं.

“सलोमी समोर घरीच आहे. जा. हीच साक्ष तिच्या तोंडावर दे. ती ‘होय’ म्हणाली, तर उद्या मीही म्हणतो.”

शांतवन ताठ मानेनं निघाला. उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला.

समोरच्या ओट्यावर सलोमी तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं. “आलास का रे?” म्हणाली.

त्यानं पाय आत घेतला. भिंतीला टेकून खाली बसला. मी तोंडावर आलेला टोमणा गिळला, माझ्या जन्मात पहिल्यांदा.

मग तो म्हणाला, “खरं सांगायचं तर माझ्याजवळ आहे काय, मास्तर? मी कधी प्यालो नाही, कधी चोरलं नाही. रविवार चुकवला नाही. असली साक्ष ऐकायला कोण थांबेल? माझ्याकडे पापच नाही.”

मास्तर परत ताटलीपाशी बसले.

“मेलेल्या बापाला दारू पाजलीस की. आणखी किती पाप पाहिजे तुला?”