कच्च्या पांढऱ्याची मिठी

एकदा एका तालमीत एक तरणा मल्ल होता. अंगाने दगड, आणि खरे सांगायचे तर डोक्यानेही. कुणीतरी त्याच्या कानात भरवले की अंड्याचे पिवळे चरबी वाढवते, खरे बळ कच्च्या पांढऱ्यात. झाले! रोज मेहनत संपली की हा पठ्ठ्या पिवळे इतरांना वाटायचा आणि पांढऱ्याचा तांब्या घटाघटा रिचवायचा.

काही महिन्यांत केस मूठमूठ गळू लागले. तोंडाभोवती चट्टे उठले. जोर मारताना दम तुटू लागला. जत्रेची कुस्ती तोंडावर आलेली. अशा अंगाने उतरलो तर नाव बुडाले, या धास्तीने त्याने अंडी आणखी वाढवली.

म्हाताऱ्या वस्तादांनी त्याला दवाखान्यात ओढून नेले. डॉक्टरीणबाईंनी तपासले, खाणेपिणे विचारले आणि वस्तादांना सगळे नीट समजावून दिले.

तालमीत परतताच वस्तादांनी शिष्याला मागून हातांसकट करकचून मिठी घातली.

“हां, मार जोर.”

“वस्ताद, असं धरल्यावर कसा मारू?”

“का रं? तालमीत तर आलायस की!”

“आलोय, पण मोकळा कुठं हाय?”

वस्तादांनी त्याला सोडले.

“तुझ्या पोटात हेच चाललंय. कच्च्या पांढऱ्यात एक द्रव्य असतंय. ते अन्नातल्या एका जीवनसत्त्वाला असंच कवटाळतंय आणि तसंच भाईर नेतंय. आत येऊनबी त्याला काम करता येत न्हाई. अंडं नीट शिजवलं की ती पकड सुटती. पिवळ्यात ते जीवनसत्त्व होतं, ते तू वाटून टाकलंस, शहाण्या!”

शिष्य खाली बसला. “मग जत्रा?”

“औंदा न्हाई. अंग भरू दे आधी.”

“दवाखान्यात नेलंत तवा मनात लई शिव्या घातल्या तुमास्नी.”

“मनातच घातल्यास, म्हणून वाचलास.”

दोघेही हसले. हसता हसता शिष्याचे डोळे भरून आले. आपण आपल्या अंगाला बुडवत होतो, आणि हा म्हातारा ते अंग आपल्याहून जास्त जपत होता, हे त्याला उमगले. जत्रेत तो आखाड्याकडेला वस्तादांशेजारी शांतपणे बसला. मनात खंत उरली नव्हती.

पोटात गेलेले सगळे अंगी लागतेच असे नाही; ते लागावे म्हणून जो आपली चूक तोंडावर सांगतो, त्याचे उपकार मानावेत.