लाटण्याची शिपाईगिरी

भांडी आपसात बोलत आणि माणसांना मात्र नुसता खडखडाट ऐकू येई, त्या काळची ही गोष्ट. एका स्वयंपाकघरात मांडणीची वरची फळी कोणाची, यावरून तांब्याच्या आणि पितळेच्या भांड्यांत युद्ध जुंपलं. भांड्याला भांडं लागायचंच, पण इथे तर सैन्यभरती सुरू झाली. "आजच्या दिवसापुरतं या हो," असं म्हणत दोन्ही पक्ष दिसेल त्याला ओढू लागले.

लाटणं पडलं लाकडाचं. त्याला फळीशी काय देणंघेणं? पण तांब्याचा हंडा म्हणाला, "काय तुमची अंगकाठी! शिपाईच शोभता!" झालं, लाटणं फुगलं आणि तांब्याकडून लढायला निघालं.

मैदानात बघतं तर काय, पितळेच्या सैन्याची ढाल म्हणून समोर उभा होता पोळपाट! त्याचा जन्माचा जोडीदार.

"तू इथे कसा रे?"

"पितळेच्या परातबाई म्हणाल्या, तुझी छाती रुंद आहे," पोळपाट पुटपुटला. "हळू मार हं. माझा एक पाय आधीच डुगडुगतोय."

लाटणं मागे सरकू लागलं.

"हाण!" मागून हंडा गरजला.

लाटण्याने डोळे मिटून उडी घेतली. पण पोळपाटावर पडताच ते सवयीने गोल गोल फिरू लागलं.

"अरे, हाण म्हटलं, लाट नाही!"

"याच्यावर मला एवढंच येतं," लाटणं म्हणालं.

पोळपाट खुदकन हसला. ते पाहून पळीला पलीकडची आपली कढई आठवली, बत्त्याला खल आठवला, आणि जो तो आपल्या जोडीदाराकडे पळाला. हंडा आणि परात तेवढे समोरासमोर उरले.

वरच्या फळीवर तोवर मांजर जाऊन झोपलं होतं.