राजाने प्यायलेला खार

समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या एका डोंगरावर माणिकराय नावाचा राजा राहत होता. डोंगराच्या पायथ्याशी कोकमांचे गाव होते. उन्हाळ्यात तिथे घरोघरी आमसुले होत. कोकमाच्या सालीला रस पाजायचा, ती उन्हात टाकायची, वाळली की पुन्हा रस पाजायचा. सगळी अंगणे लालेलाल होत.

एकदा राजाचे म्हातारे सेनापती वारले. राजाने नरहर वैद्यांना कारण विचारले. वैद्य म्हणाले, "महाराज, त्यांची मूत्रपिंडं थकली होती. त्यामुळे रक्तातला आंबटपणा वाढत गेला. रक्त आंबलं की माणूस टिकत नाही."

राजाने शेवटचे वाक्य तेवढे ऐकले आणि तो घाबरला. राजवाड्यात ताक बंद झाले, चिंच बंद झाली, लिंबू बंद झाले. आंबटपणा मारायला राजा रोज सकाळी पाण्यात खार, म्हणजे खाण्याचा सोडा, कालवून पिऊ लागला. त्याला ढेकरांवर ढेकर येत, पाय सुजत. तरी तो म्हणे, "रक्त सुधारतंय!" शेवटी त्याने फर्मान काढले, की प्रजेच्या भल्यासाठी पायथ्याची सगळी कोकमाची झाडे तोडून टाकावीत.

ही चूक आहे हे नरहर वैद्यांना कळत होते. पण पद जाईल या भीतीने ते गप्प बसले.

गावातल्या द्वारकाबाईंचे सारे घर कोकमांवर चाले. फर्मान ऐकताच त्या डोंगर चढून थेट दरबारात आल्या.

"महाराज, जन्मभर कोकमं खाल्लीत मी. माझं रक्त आंबट आहे का?"

"असणारच," राजा म्हणाला.

"मग मी अजून मेले कशी नाही?"

कोणीतरी खुदकन हसले. द्वारकाबाई वैद्यांकडे वळल्या. "काय हो वैद्यबुवा, एवढं शिकलात ते खालमानेनं बसायला का?"

वैद्यांचा चेहरा उतरला. ते उठले. "महाराज, मी आधी अपुरं बोललो आणि नंतर गप्प राहिलो. दोन्ही चुकलं. आत्ता परीक्षा करू. खोटा ठरलो तर माझं पद काढून घ्या."

त्यांनी जास्वंदीच्या रसात भिजवून वाळवलेल्या जांभळट कापडाच्या पट्ट्या मागवल्या. एकीवर कोकमाचा रस टाकला, ती लाल झाली. दुसरीवर खाराचे पाणी टाकले, ती हिरवी झाली. मग राजाचे आणि द्वारकाबाईंचे थोडे थोडे रक्त काढून वाट्यांत थिजू दिले. वर सुटलेले स्वच्छ पाणी एकेका पट्टीवर टाकले आणि पट्ट्या शेजारी शेजारी ठेवल्या.

रंगात तसूभर फरक नव्हता.

"असं कसं?" राजा ओरडला. "महिनाभर खार प्यायलोय मी! तो गेला कुठे?"

"ते कळायला महाराजांनी जरा आडोशाला जावं आणि ही वाटी भरून आणावी," वैद्य नम्रपणे म्हणाले.

राजा लाजत गेला, लाजत परत आला. वैद्यांनी त्या वाटीत पट्टी बुडवली. ती हिरवी झाली. दरबार हसून लोटपोट झाला.

"पाहिलंत? तुम्ही रोज ओतत होता आणि तुमची मूत्रपिंडं रोज उपसून बाहेर टाकत होती! रक्ताला एक नेमका तोल लागतो, किंचितसा खाराकडे झुकलेला. अंगात आंबटपणा तयार झाला की रक्तातला खार तो जिरवतो. मूत्रपिंडं रात्रंदिवस निवडत बसतात, काय ठेवायचं आणि काय टाकायचं. सेनापतींची मूत्रपिंडं थकली म्हणून ते गेले. कोकमाचा त्यात काय दोष?"

राजा ताडकन उठला. "कुऱ्हाडवाले कुठे आहेत?"

"डोंगर उतरायला निघालेत, महाराज. पालखी सांगू?" एका सेवकाने विचारले.

"पालखी पोचेपर्यंत रान साफ होईल!"

राजा स्वतःच धावत सुटला. त्याच्या मागे दरबार, आणि सगळ्यांच्या पुढे द्वारकाबाई. पहिल्या झाडावर कुऱ्हाड उगारली होती, तोच राजाची आरोळी आली, "थांबा!"

कुऱ्हाड हवेतच थांबली. राजा मात्र गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकू लागला. "वैद्यबुवा... छाती फुटतेय... मी चाललो!"

"कुठे चाललात? धावताना अंगात आंबटपणा वाढला, तो श्वास झपाझप बाहेर टाकतोय. मूत्रपिंडं सावकाश काम करतात, श्वास लगेच मदतीला येतो. नुसतं उभं राहा."

राजा उभा राहिला. धाप हळूहळू ओसरली. औषध नाही, खार नाही, काहीच नाही! राजाने छातीवर हात ठेवला आणि त्याचे डोळे चमकले. "अरे, हे सगळं माझ्या आत चाललंय? मला न विचारता?"

"तुम्हाला विचारत बसलं असतं, तर आजवर जगला नसतात," वैद्य म्हणाले.

राजा खो खो हसला. त्याने जवळची कुऱ्हाड घेऊन दूर भिरकावली आणि तिथेच फर्मान रद्द केले. गावाने जल्लोष केला. ढोल वाजू लागले. द्वारकाबाई म्हणाल्या, "महाराज, दमलात. बसा सावलीत. झाडं आहेत अजून."

तात्पर्य: आपले शरीर आपला तोल क्षणोक्षणी स्वतः सावरत असते. अर्धवट ऐकून त्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, आणि ज्याला पुरते ठाऊक आहे त्याने भीतीने गप्प बसू नये.