दुसरा हात

“मग मला कशाला बसवता या नव्या बायकांच्यात, अक्का?”

शैलजा मगदूम उभ्यानंच बोलली. कृष्णाकाठच्या त्या अनाथाश्रमात तिनं उभं तारुण्य घातलं होतं. लहान मुलांची खोली तिच्याकडे होती.

शेजारच्या तालुक्यातल्या एका आश्रमात पोराला चटके दिल्याचं उघडकीला आलं, तेव्हापासून इथल्या विश्वस्तांचा जीव थाऱ्यावर नव्हता. मुलं सांभाळणाऱ्या बायकांना शिकवायला म्हणून त्यांनी उमाक्कांना बोलावलं होतं. अक्का थकल्या होत्या, कमी बोलायच्या. सतरंजीवर बसून त्या शेंगा सोलत होत्या.

“मी मारत नाही पोरांना,” शैलजा म्हणाली. “छडी होती, ती मी स्वतः शिमग्यात होळीत टाकली. विचारा कुणालाही.”

“बरं.”

“माझी पोरं एका हाकेत उठतात, एका हाकेत पानावर बसतात. तेच शिकवा की यांना!”

बायका खाली मान घालून ऐकत होत्या.

अक्कांनी शेंगांची परडी सरकवली.

“चल. तुझ्या पोरांच्या पंगतीला जेवू.”

दुपारची पंगत बसली होती. मांडीला मांडी लावून, ताटात बघत मुलं जेवत होती. भांड्याचासुद्धा आवाज नव्हता. शैलजानं मागं वळून बघितलं. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिला बरं वाटलं.

अक्का कस्तुरीच्या शेजारी बसल्या. कस्तुरी पहिलीतली, किडकिडीत, दोन वेण्यांची.

अक्कांनी ताकाचा पेला उचलला. शैलजाकडे पाहिलं. आणि पेला आडवा केला.

ताक फरशीवरून पसरत कस्तुरीच्या ताटाखाली गेलं.

“माझ्या हातून सांडलं,” अक्का सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या.

कुणी पेल्याकडे पाहिलं नाही. अक्कांकडेही नाही. सगळ्या पंगतीचे डोळे शैलजाच्या उजव्या हातावर होते.

कस्तुरी उठली. तिनं तळवा वर करून हात पुढं धरला.

शैलजाच्या कानशिलांत रक्त चढलं. दारातल्या नजरा तिच्या पाठीला टोचायला लागल्या.

“अगं, तुला कोण काय म्हणतंय? घे तो हात खाली!”

आवाज नको तेवढा चढला होता. तो तिचा तिलाच ऐकू आला.

कस्तुरीनं तो हात खाली घेतला.

आणि दुसरा पुढं केला.

“मी सोडलंय, अक्का!” शैलजा वळून म्हणाली. “खरंच सोडलंय. पोरांची शपथ!”

“खरं आहे तुझं.”

“मग... ही असं का करते?”

शैलजा कस्तुरीसमोर गुडघ्यांवर बसली. तिचं लुगडं ताकात भिजलं. तो इवलासा तळवा हातात घ्यावा म्हणून तिनं हात उचलला, तशी कस्तुरीनं डोळे गच्च मिटले. बोटं ताठ झाली.

शैलजाचा हात तिथंच थांबला. तो कुठं ठेवावा, तिला कळेना.

शेवटी तिनं तो स्वतःच्या मांडीवर ठेवला. उताणा.

“तुझं काही चुकलं नाही,” शैलजा म्हणाली. “तेव्हाही चुकलं नव्हतं.”

कस्तुरीनं एक डोळा उघडला. मग दुसरा. त्या उताण्या हाताकडे ती बघत राहिली. तिचा खालचा ओठ थरथरला, आणि एकाएकी तिनं भोकाड पसरलं.

तिच्या पलीकडचा मुलगा रडायला लागला. मग त्याच्या पलीकडची मुलगी. बघता बघता सगळी पंगत रडत होती, घास तोंडात तसेच.

शैलजा घाबरली. “अक्का, अहो, मी तर हातसुद्धा लावला नाही! गप्प कसं करू यांना?”

“कशाला?” अक्का म्हणाल्या. “आत्ता कुठं तुझ्याशी बोलायला लागलीत.”