मनाजीनं काही वाया घालवलं नाही

एका गावात एक भोळा गडी राहत होता. मनाजी त्याचं नाव. अंगानं रेडा, मनानं वासरू. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, हीच तर सगळी पंचाईत!

त्याचं मातीचं घर खचलं. बायको सगुणा चार महिने शेजाऱ्यांच्या गोठ्यात संसार मांडून बसली होती. म्हशीच्या शेपटीशेजारी भाकऱ्या थापून बाई पार कावली. म्हणाली, "अक्षय तृतीयेला माझा भाऊ येणार. तोवर आपलं छप्पर झालं नाही, तर मी चालले त्याच्यासंगं माहेरी. मग बसा एकटेच!"

मनाजी घाबरला. त्यानं हैबती मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, "जुन्या घरातलं काही टाकायचं नाही. सगळं नव्याला लावू. आधी खिळे घे. वाकडं दिसेल ते ठोकून सरळ कर."

मनाजीनं खिळे सरळ केले. मग कोपऱ्यात सगुणाचा विळा दिसला. केवढा वाकडा! ठोकून तोही सरळ केला.

सगुणा गवत कापायला निघाली, तर हातात सळई! "अवो, विळा वाकडाच असतो!"

मिस्त्री म्हणाला, "मनाजी, धड वस्तूला हात लावू नकोस रे. फुटकं असेल तेच आणखी फोड आणि जमिनीखाली भर."

मनाजीनं फुटकी कौलं फोडून भरली. मग दिसली लोणच्याची बरणी. काठाचा टवका उडालेला. म्हणजे फुटकीच की! तीही फोडली, भरली, वरून धुमसानं चोपली. सगळ्या जोत्याला कैरीचा वास सुटला.

सगुणा रडकुंडीला आली. "वर्षाचं लोणचं हो माझं! भरलेलं आधी रिकामं करावं, एवढंही कळू नये?"

"आधी रिकामं करायचं," मनाजीनं घोकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री म्हणाला, "सिमेंटची पोती फेकू नकोस. भिजवून भिंतींवर घालू, म्हणजे भिंती ओल्या राहतील." मनाजीनं पाहिलं, तर पोती भरलेली. त्यानं सगळं सिमेंट ओढ्यात ओतलं. पोती मात्र झटकून, घड्या घालून ठेवली.

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. "लेका, आतलं जपायचं असतं! बाहेरचं फाटलं-तुटलं तरी चालतं."

"बरं," मनाजी म्हणाला.

पुन्हा सिमेंट आणलं. भिंती झाल्या, स्लॅब झाला, वाळलाही. सणाला तीन दिवस उरले. सगुणा हरखून भावाला आणायला गेली. मिस्त्री दुसऱ्या कामावर निघाला. जाताना म्हणाला, "घरात स्लॅबखाली टेकूला फळ्या लावल्यात ना, त्या उसन्या आहेत. दहा घरांना पुरल्यात, अजून दहांना पुरतील. तेवढ्या काढून ठेव. एक जरी मोडली तर बघ!"

मनाजी घरात गेला. वर पाहिलं. फळ्या आत होत्या. घर बाहेर होतं. त्यानं घण उचलला आणि छपरावर चढला.

तीन दिवस राबला हो बिचारा! स्लॅब फोडून टोपलं टोपलं खाली उतरवला. फळ्यांना लागू नये म्हणून खाली गोधड्या अंथरल्या. फळ्या दारातून निघेनात, म्हणून दाराची भिंत काढली. मग बाकीच्या तीन भिंती उगाच कशाला, म्हणून त्याही काढल्या. लोक विचारायचे, "मनाजी, काय चाललंय?"

"घराचं शेवटचं काम," तो सांगायचा.

सणाच्या सकाळी भावाची बैलगाडी आली. सगुणा नव्या चुलीवर उतू घालायला दूध घेऊन उतरली. मिस्त्रीही नारळ घेऊन आला होता. पाहतात तो काय! उघड्या जोत्यावर फळ्यांची थप्पी, आणि तिच्याशेजारी मनाजी.

"मिस्त्री, बघा!" मनाजी घामानं निथळत हसला. "एकीलाही ओरखडा नाही!"

मिस्त्रीच्या हातातला नारळ आपसूक खाली पडला. सगुणा भावाला एवढंच म्हणाली, "दादा, बैल सोडू नकोस."

मनाजीला मात्र बायकोचा राग आला. "अगं, पाव्हण्यांना उन्हात काय उभं केलंस? आत तरी घे!"