पिवळी रेघ

"मग खोटं कोण बोलतंय, वस्ताद? मशीन?"

रणधीरनं गाडी तपासायचं मशीन उस्मान वस्तादांपुढं धरलं.

वस्तादांनी त्याकडं पाहिलं नाही. भाचीचं लग्न उरकून ते आज सकाळीच मिरजेला परतले होते. आपल्या गॅरेजच्या भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्याकडं ते बघत होते. एकोणीस वर्षं त्या खिळ्याला कारागीर सिद्रामचा खाकी डगला असे.

"काय म्हणतंय मशीन?"

"मागच्या चाकांत दोष. तिथली मोटर नवी टाकली, तरी तेच म्हणतंय."

गाडी डॉक्टर कुलगुडेबाईंची होती. परदेशी, चारही चाकं वळणारी. स्टिअरिंगच्या दांड्यावर एक सेन्सर होता. तो सांगेल तेवढीच मागची मोटर मागची चाकं वळवी.

परवा कालव्याच्या पुलावर या गाडीचं मागचं अंग एकदम सरकलं होतं. बाईंच्या शेजारी त्यांची म्हातारी आई बसली होती.

"बाई चिडल्या असतील."

"लई. म्हणाल्या, कुणाचं काम हे?"

"तू काय सांगितलंस?"

"मागची चाकं सिद्रामनं बसवली होती. तेच सांगितलं."

"त्याच्यासमोर?"

"... हो."

"आणि?"

"तुम्ही नव्हता. गॅरेज माझ्यावर सोपवलेलं. मी म्हटलं, उद्यापासून येऊ नकोस."

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. डगला घेतला आणि गेला."

वस्तादांनी मान हलवली. मग गाड्या धुवायचा पाइप सोडला आणि अंगणातला एक पट्टा भिजवला.

"यावरनं गाडी काढ. सरळ गेटापर्यंत ने."

रणधीरनं गाडी नेली. उतरून मागं आला. कोरड्या फरशीवर टायरांचे ओले माग उठले होते.

"किती रेघा?"

"चार."

"सरळ गाडीच्या किती पडतात?"

"दोन. मागची चाकं पुढच्यांच्या रेघेवरनंच जातात." रणधीरचा आवाज चढला. "बघा की वस्ताद! मागची वाकडीच आहेत. मी तेच म्हणतोय दोन दिवस."

"कुणाच्या सांगण्यावरनं वाकडी?"

वस्तादांनी गाडीचं दार उघडलं. खिशातली बॅटरी लावली आणि स्टिअरिंगच्या खाली, पेडलांच्या वर उजेड धरला.

"वाक. दांड्याचा तो सांधा बघ. कुणाची रेघ आहे?"

या गॅरेजची एक रीत होती. कुठलाही सांधा उघडण्याआधी दोन्ही भागांवरून रंगाची एक रेघ ओढायची. परत बसवताना रेघ जुळली, की काम बरोबर. प्रत्येकाचा रंग वेगळा. वस्तादांचा पांढरा, सिद्रामचा पिवळा. रणधीरला निळा डबा दिला होता. शिकून आलेला रणधीर तेव्हा हसला होता, "मशीन असताना रंगरंगोटी कशाला, वस्ताद?"

"रेघ नाही," रणधीर म्हणाला.

"सिद्रामनं उघडला असता तर?"

"पिवळी असती."

"मी?"

"पांढरी."

वस्ताद बॅटरी तशीच धरून उभे राहिले.

रणधीर वाकलेलाच राहिला. वर बघायची त्याला हिंमत होईना.

"ब्रेकच्या पेडलचं काम होतं," तो खालूनच म्हणाला. "सांधा मी उघडला. लावताना एक दात सरकून बसला असणार. स्टिअरिंग जरा तिरकं दिसत होतं."

"मग?"

"स्टिअरिंग तेवढं काढून सरळ बसवलं."

"आणि सांधा?"

"तसाच ठेवला. दिसायला सगळं सरळ झालं होतं, वस्ताद... स्टिअरिंग सरळ, पुढची चाकं सरळ. मधला सेन्सर तेवढा वाकडा राहिला. गाडी वळतेय, गाडी वळतेय, असं तो मागं सांगत राहिला. आणि मागची चाकं ऐकत राहिली."

"मोटर बदलताना सिद्रामची रेघ दिसली असंल."

"दिसली."

"कशी होती?"

रणधीरच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"जुळलेली. केसाचाही फरक नव्हता."

"आता दाखव मला."

"नाही दाखवता येणार... पेट्रोलनं पुसली."

पलीकडं कुणीतरी पत्रा ठोकत होतं.

मग रणधीर उठला. निळ्या डब्याचं झाकण कधी उघडलंच नव्हतं. ते त्यानं स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं. पहिली रेघ वाकडी आली. ती पुसून त्यानं पुन्हा ओढली. सांधा सोडवला, एक दात फिरवला, घट्ट केला. स्टिअरिंग जागेवर आणलं, आणि सेन्सरला मशीनवरून पुन्हा सरळ म्हणजे काय ते शिकवलं.

मागच्या चाकांना त्यानं हातही लावला नाही.

पट्टा पुन्हा भिजवला. गाडी गेटापर्यंत गेली.

दोन रेघा.

रणधीरनं फोन काढला आणि कोपऱ्यात जाऊन, तोंडावर हात धरून बोलला, "डॉक्टरबाई, गाडी झाली. चूक... चूक माझी होती."

"परवा एवढ्याच आवाजात बोलला होतास?" वस्तादांनी विचारलं.

रणधीरनं हात खाली घेतला. कोपऱ्यातून गॅरेजच्या मधोमध आला.

"बाई, सिद्रामअण्णांचं काम चोख होतं. चूक मी केली, आणि नाव त्यांचं घेतलं."

पत्रा ठोकणारा हात थांबला. सगळे बघायला लागले. फोनवर बाई बराच वेळ बोलत होत्या. रणधीर नुसता "हो" म्हणत होता.

फोन ठेवून तो वस्तादांपुढं आला.

"मी अण्णांना आणायला जातो. ते येतील का?"

"मला काय ठाऊक?"

"बाईंनी विचारलं, म्हणून घाईत बोलून गेलो, असं सांगू?"

वस्तादांनी खुंटीवरचं फडकं ओढलं.

"नको. आत्ता सांगितलं तेच सांगतो." तो घुटमळला. अण्णांचं घर रेल्वे फाटकापलीकडं, शेवटच्या गल्लीत. वाटेत सगळी ओळखीची दुकानं. परवा सिद्राम डगला हातात घेऊन त्याच वाटेनं गेला होता. "गॅरेजची गाडी घेऊन जाऊ, वस्ताद? लवकर होईल."

वस्तादांनी त्या फडक्यानं तो रिकामा खिळा पुसला.

"चालत जा," ते म्हणाले. "आणि येताना त्याच्या मागनं ये."